एकोणसत्तरावी जागा

"साठ गाड्यांची जागा दाखवा, मग पुढचं बोलू," असं म्हणून नगररचना कार्यालयातल्या साहेबांनी फाइल परत सरकवली, तेव्हा सूतकाकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ही चौथी खेप होती.

सूतकाका म्हणजे निवृत्त टर्नर. लेथवर सूतभरही चूक खपवून घ्यायचे नाहीत, म्हणून कारखान्यानं ठेवलेलं नाव. तो कारखाना बंद पडला आणि आता त्याच शेडमध्ये त्यांच्या ख्रिस्ती मंडळीला चर्च करायचं होतं. मालक तयार होता, पण महिनाअखेरपर्यंतच. परवानगी आली नाही तर शेड घ्यायला गोदामवाला टपून बसलेलाच होता.

"साहेब, आमच्यात गाड्या आहेत नऊ. त्यातली एक ढकलल्याशिवाय सुरू होत नाही."

"तुमच्या गाड्यांशी मला काय करायचंय? चार जागांमागे एक गाडी, असा नियम आहे. आराखड्यात जागा दोनशे चाळीस."

"अहो, पण माणसं सत्तर आहेत!"

"मग दोनशे चाळीस काढल्या कुणी?"

त्या सूतकाकांनीच काढल्या होत्या. पट्टी-पेन्सिल घेऊन या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बाकंच बाकं. ज्यानं जन्मभर लोखंडाचा तुकडा वाया जाऊ दिला नाही, तो जमीन मोकळी कशी सोडणार? हौसेनं केलेलं काम असं अंगाशी आलं होतं.

"शिवाय त्या रस्त्याला रहदारी फार," साहेबांनी आणखी एक कागद उपसला. "सोमवारी सकाळी आठला मोजलीय. चारशे बारा वाहनं."

"तेव्हा शेजारच्या कारखान्याची पाळी सुटते! आमची उपासना रविवारी. रविवारी तिथं कुत्रंही फिरकत नाही."

"फॉर्मात वाराचा रकाना नाही."

सूतकाका दात-ओठ खात घरी आले. बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि खुर्चीत बसल्या बसल्या खो-खो हसली. "सत्तर माणसांना दोनशे चाळीस जागा! उरलेल्यांना काय हाका मारून आणणार होतात?"

तिची ती खुर्ची चाकांची. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून दोन वर्षं ती चर्चला गेलेली नव्हती. मंडळीचा भाड्याचा हॉल तिसऱ्या मजल्यावर, बावन्न पायऱ्या, लिफ्टच्या नावानं शून्य. ती फोन कानाला लावून गाणी ऐकायची आणि मधेच फोन तुटायचा. शेडला मात्र माल चढवायचा उतार होता. सूतकाकांनी महिन्यापूर्वी तिला त्यावरून एका दमात आत नेलं, तर तिनं त्या रिकाम्या शेडमध्ये मोठ्यानं एक कडवं गायलं. तो आवाज त्यांच्या डोक्यातून जाईना. सगळा खटाटोप त्याच्यासाठी चालला होता, पण हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

त्यांनी बाकं खोडली. हौस होती, ती खोडताना जीव तुटला. बायकोची खुर्ची तिची स्वतःची, म्हणजे जागा हव्यात एकोणसत्तर. रविवारी रस्त्यावर दोन तास उभं राहून वाहनं मोजली, अकरा भरली. मग टेप घेऊन आवार मोजलं. सतरा गाड्या बसत होत्या. अठरावी बसवायची तर उतार तोडावा लागत होता.

"एकोणसत्तरला सतरा होतात ना?" पाचव्या खेपेला त्यांनी विचारलं.

"सतरा आणि पाव," साहेब म्हणाले. "पाव गाडी कुठं असते का? अठरा धरायच्या." अकरा वाहनांचा कागद मात्र त्यांनी नाक मुरडत का होईना, फाइलला जोडून घेतला.

मंडळीच्या पाळकसाहेबांनी तोडगा काढला, "उतार काढून तीन पायऱ्या करू. वहिनींना आम्ही चौघं उचलून नेऊ की."

"ती काय ऑइलचं पिंप आहे, उचलून न्यायला?" सूतकाका एवढे कडाडले, की पाळकसाहेबांच्या हातातला चहा हिंदकळला. मग सूतकाकांना स्वतःचीच लाज वाटली. ते टेबलाशी जाऊन बसले. आराखड्यात शेवटच्या बाकावर, उताराच्या दारापाशी, त्यांनी आपल्यासाठी एक जागा धरली होती. दोन वर्षांनी तिच्या शेजारी बसायचं म्हणून. ती त्यांनी खोडली.

सहाव्या खेपेला साहेबांनी बोट ठेवत ठेवत जागा मोजल्या. "अडुसष्ट. सतरा गाड्या. बसतंय." मग सभासदांची यादी पाहून कपाळाला आठ्या घातल्या. "माणसं सत्तर, त्यातली एक चाकांच्या खुर्चीत. मग हा एकोणसत्तरावा कुठं बसणार?"

"तो बसणार नाही. त्याच शेडमध्ये एकतीस वर्षं मी उभ्यानंच काम केलंय. आणि तिच्या खुर्चीमागं कुणीतरी उभं लागतंच."

साहेबांनी फॉर्म उलटापालटा करून पाहिला. त्यात उभ्या माणसाचा रकाना नव्हता. त्यांनी शिक्का मारला.