माळावर गेलेली रक्षापेटी

शेंदूरजनाघाटात संत्र्याचा माल निघून गेला की पॅकिंगची शेडं ओस पडतात. यंदा मात्र एका शेडमध्ये दर गुरुवारी पाय ठेवायला जागा नसे. कॅरेटांवर सतरंजी टाकून वर सर्वदर्शी महाराज बसत, आणि खाली गावातली सगळी पिकली पानं.

"मोतीराम, परवा रात्री सात वेळा उठलास, बेटा."

ऐंशीच्या मोतीरामनं बोटांवर हिशेब केला आणि सतरंजीवर डोकं टेकलं. "सातच, महाराज. लघवीचा तरास हाये."

म्हाताऱ्या माणसाला रात्री लघवीला उठावं लागतं, हे सांगायला अंतर्ज्ञान लागत नाही. पण नेमका सातचा आकडा? शेडचे पत्रे थरथरतील असा जयजयकार झाला.

ही सगळी करामत रक्षापेटीची. काडेपेटीएवढी पितळी पेटी, लाल दोऱ्यात ओवलेली. ज्यांची लेकरं पुण्या-नागपुराकडे आणि जे घरी एकटे, त्यांना महाराज ती फुकट देत. "ही पेटी नाही, सूक्ष्म देहाचा आरसा आहे. तुमचा श्वास हलला की माझी नाडी हलते." नियम दोनच. पेटीला पाणी लागू द्यायचं नाही, आणि दर गुरुवारी ती पडद्यामागे शक्ती भरायला द्यायची. अख्खं ब्रह्मांड मुठीत घेऊन बसलेल्या महाराजांच्या पेटीला आंघोळीचं मात्र वावडं होतं.

पार्बताबाईच्या गळ्यातही एक पेटी होती. वय चौऱ्याहत्तर, दोन खोल्यांचं घर, मागं झेंडूचं वावर. नवरा गेल्यापासून एकटीच राहायची, फुलं विकायची, कोणाचं ऐकायची नाही. एकदा मोरीत पाय घसरून पडली. कोणाला बोलली नव्हती, तरी महाराजांनी गुरुवारी भर शेडमध्ये ते सांगितलं. तिचा मुलगा शेखर अमरावतीहून आला होता, तो हादरलाच.

"माय एकटी राहिली तर जाईल," महाराज म्हणाले. "आमच्या सेवाधामात, म्हाताऱ्यांच्या आश्रमात, आण. घर सेवाधामाच्या नावे कर. तू सुटलास, ती सुटली."

बाप गेल्यावर घर शेखरच्याच नावावर लागलं होतं; त्यानं कागद तयार केले. पुढच्या गुरुवारी सही ठरली.

"मले इचारलं काय तुनं?" पार्बताबाई म्हणाली.

"माय, तू पडून राहशील तं मले कोण सांगन? महाराजाले सारं दिसते."

"दिसते तं पडाच्या आंदी काहून नाई सांगतलं?"

शेखरनं कागदांची घडी करून खिशात घातली.

बुधवारी सकाळी पार्बताबाई इनायतुल्लाच्या दुकानात गेली. बोअरच्या जळालेल्या मोटारी नव्यानं बांधण्यात त्याचा जन्म गेला होता. त्यानं पेटी उलटीपालटी केली, नखानं सांध चाचपली.

"वहिनी, याले चार स्क्रू हायेत. ब्रह्मांडाले स्क्रू कायले लागते?"

"मंग उघडा ना, भाऊ."

"आज उघडलं तं तो म्हणन, आमीच आत काही भरलं. पयले त्याच्याच तोंडून वदवू."

पार्बताबाईनं थोडा विचार केला. मग घरी जाऊन पेटी गळ्यातून काढली, आपल्या बकरीच्या गळ्यात बांधली आणि बकरी गुराख्याच्या कळपात सोडून दिली. स्वतः दिवस मावळेपर्यंत इनायतुल्लाच्या दुकानात बसून राहिली. मोटारी घेऊन आलेल्या चौदा जणांनी तिला तिथं पाहिलं. तिघांना तिनं चहाही पाजला.

गुरुवारी शेड भरलं. शेखर कागद घेऊन पुढं बसला होता. महाराजांनी डोळे मिटले, भुवया चढवल्या.

"अरेरे, पार्बता. काल भर उन्हात ओढ्यापलीकडे माळावर भटकत होतीस. धावत होतीस. चारदा पडलीस. शेखर, आईला भ्रम झाला आहे रे. आजच सही कर."

शेखरनं खिशातून पेन काढलं. पार्बताबाई उठून उभी राहिली.

"महाराज, काल दिवसभर मी इनायतभाऊच्या दुकानात होती. इचारा या लोकायले. माळावर माही बकरी गेली होती. ते पडली नाई, बांधावरून उड्या मारत होती. भ्रम झाला असन तं तिले न्या सेवाधामात."

आधी मोतीराम हसला. मग शेडच हसू लागलं.

"नास्तिक बाई!" महाराज गरजले. "तुझ्या पापानं पेटी भ्रष्ट झाली!"

"मंग दुसरी पाहू," म्हणत इनायतुल्लानं मोतीरामच्या गळ्यातली पेटी घेतली आणि सगळ्यांसमोर चारही स्क्रू काढले. आतून एक बॅटरी निघाली, हालचाल आणि ठिकाण ओळखणारी नखाएवढी चकती निघाली, आणि एक सिमकार्ड.

"तुमी घरी बसून मिस कॉल देता अन् वावरातली मोटार चालू होते. त्या मोटारीच्या स्टार्टरमंदी काय असते?"

"सिम," चार-पाच जण म्हणाले.

"त्या स्टार्टरच्या पाया पडता काय?"

कोणीतरी पडदा ओढला. मागं चार्जरच्या वायरी ओळीनं लोंबत होत्या आणि महाराजांचा शिष्य मोबाईल पाठीमागं लपवत उभा होता. मोबाईलमध्ये साऱ्या गावाच्या म्हाताऱ्यांची यादी होती. कोण कधी उठलं, कुठं गेलं, कोण पडलं, सारं त्यात होतं. त्रिकाल जाणणाऱ्या महाराजांना पोलीस येणार एवढं मात्र कळलं नाही.

शेखरनं कागद फाडले. घरी आल्यावर म्हणाला, "माय, तरी बी चाल माह्यासंग. तू पडली तं?"

"पडीन. बाजारात असलं यंत्र भेटते म्हणे. आणून दे. मी पडली तं तुले अन् इनायतभाऊले फोन गेला पाह्यजे. बाकी मी कुठं गेली, किती वेळा उठली, ते मी सांगन तवा तुले कळन."

शेखरनं यंत्र आणलं. पार्बताबाई आजही आपल्याच घरात राहते.

यंत्र दोन्ही वेळा सारखंच होतं. एकदा ते म्हातारीला घराबाहेर काढायला निघालं होतं, आता तिला घरात राहू देतं. फरक पडला तो तिनं विचारल्यामुळे. तेव्हा बापहो, मायबाईहो, गळ्यात काहीही बांधून घेण्याआधी एवढं विचारा: हे चालतं कशावर, आणि याची खबर जाते कोणाकडे? खऱ्या माणसाला या प्रश्नाचा राग येत नाही.