साऱ्या गल्लीचा टेलिफोन

मित्रांनो, पाठ ताठ करा आणि नीट ऐका. एकच गोष्ट दोनदा सांगण्याची मला सवय नाही. मी एक जुना टेलिफोन आहे. काळा, वजनदार, तबकडीचा. आज कपाटाच्या माथ्यावर धूळ खात असलो, तरी एके काळी माझ्या एका हाकेसरशी अख्खी गल्ली हातातले काम टाकून उठत असे.

कारखान्यात एका पोक्त कारागिराने माझी घंटा कानाशी धरून "खणखणीत निघाला!" असा निर्वाळा दिला, आणि मी शिवणकाम करणाऱ्या काकूंच्या पुढच्या खोलीत आलो. गल्लीत दुसरा टेलिफोन नव्हता. कोणाचा फोन आला की काकू कात्रीने पाण्याच्या नळावर टकटक करीत. तो नळ भिंतींमधून सगळ्या घरांत गेलेला होता आणि प्रत्येक घराची टकटक निराळी होती. मला पुसण्याची पाळीही घरोघरी फिरे. मी कोणा एकाचा नव्हतोच. याचा मला ताठा होता, आणि तो का नसावा?

माझ्यापुढे बसणे जड जाई ते फक्त इस्त्रीवाल्याच्या सुनेला. तिचा नवरा जहाजावर नोकरीला होता. रविवारी त्याचा फोन आला की खोलीत पाय ठेवायला जागा उरत नसे.

"मी बरी आहे," ती हळूच म्हणे.

"बरी कसली? आठवडाभर खोकतेय, सांग त्याला!" मागून सासूबाई.

"आणि मला छत्री आण म्हणावं," शेजारच्या मावशी.

खोली हसे. तीही हसे, पण जे सांगायचे ते राहून गेलेले असे. गल्लीत आणखी लाइनी मिळाव्यात म्हणून सगळ्यांना अर्ज करायला लावले, ते तिनेच.

त्याच सुमारास विद्यापीठातून एक बाई पाहणीसाठी आल्या. कोणत्या वस्तीत कोणती साधने पोहोचली आहेत, याचा त्या अभ्यास करीत होत्या. "घरात टेलिफोन आहे का?" असे त्यांनी घरोघर विचारले, आणि प्रत्येक घराने छाती फुगवून सांगितले, "आहे की!" कोणीही खोटे बोलले नाही. मी त्यांचाच होतो.

मग अर्जांवर टेलिफोन कचेरीचे उत्तर आले. पाहणीनुसार या वस्तीत घरोघरी टेलिफोन आहेत. नव्या लाइनींची गरज दिसत नाही.

बाईंना बोलावणे गेले. काकूंच्या खोलीत एकच गलका झाला.

"बाई, हे काय लिहून ठेवलंत?"

"अहो, तुम्हीच म्हणालात, आहे म्हणून!"

"मग आहेच तो! नाही कुठं म्हणतोय आम्ही?"

बाईंनी कपाळाला हात लावला. उशीर झाला होता, म्हणून त्यांनी घरी फोन करू का असे विचारले. फोन लागला. "आई, मी..." एवढे म्हणून त्यांनी वर पाहिले. सगळ्याजणी कौतुकाने टक लावून बसल्या होत्या.

"आईंना आमचा नमस्कार सांगा हं!"

"आवाज का बसलाय विचारतायत का?"

बाईंनी कसेबसे दोन शब्द बोलून रिसीव्हर ठेवला. त्यांचे कान लाल झाले होते. सुनेकडे वळून त्यांनी विचारले, "तू दर रविवारी अशीच बोलतेस?"

"हो. लग्न झाल्यापासून एकटीनं एकदाही बोलले नाही."

"अगं, मग आधी सांगायचंस!" सासूबाई म्हणाल्या.

"कुठं सांगू? जिथं जावं तिथं तुम्ही सगळ्या होतातच की."

कोणी हसले नाही.

बाईंनी पाहणी पुन्हा केली. या खेपेस प्रश्न होता, "दार लावून बोलता येईल असा टेलिफोन आहे का?" घराघरांतून 'नाही' आले, आणि वर्ष सरायच्या आत लाइनी आल्या.

त्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी वाट पाहिली. घंटा वाजली नाही. तेवढ्यात सासूबाई आल्या आणि भिंतीशी टेकून बसल्या.

"आज इकडं कशा?" काकूंनी विचारले.

"ती बोलतेय," त्या म्हणाल्या.

काकूंनी कात्री खाली ठेवली. इतकी शांत खोली मी कधी अनुभवली नव्हती. त्या गर्दीची आठवण मला आजही येते; ती नाकारण्याइतका मी कठोर नाही.

मित्रांनो, मला खाली काढून पुसलेत तर बरे वाटेल. पण घरातले कोणी रिसीव्हर कानाशी धरून शब्द गिळताना दिसले, तर आधी उठा, बाहेर या आणि दार ओढून घ्या. मला मागाहून पुसले तरी चालेल.