उजवं मनगट

दर हंगामात टीमचे सदरे मीच शिवते. माझी शिवण एखाद वेळी चुकते, माप चुकत नाही. म्हणून माझ्या मुलाला हात सैल सोडून उभं केलं आणि उजवं मनगट डाव्यापेक्षा इंचभर वर राहिलं, तेव्हा मी टेपला दोष दिला नाही.

“हात सरळ कर.”

“सरळच आहे.”

तेरा वर्षांचा झाला, तरी खोटं बोलताना अजून कान लाल होतात.

तो टीमचा पिचर. बेसबॉलमध्ये फलंदाजाकडे चेंडू फेकायचं काम त्याचं. कोच म्हणजे माझे धाकटे दीर, त्यामुळे भांडायला लांब जावं लागत नाही. तरी आधी डॉक्टरकडे गेले. वाढतं हाड आहे, तीन महिने एकही चेंडू नको, नाहीतर कोपराचं ऑपरेशन करायची वेळ येईल, असं ते म्हणाले. त्याच्या आदल्या दिवशी मी मैदानावर बसून पाहिलं होतं. भाऊजी इमानदारीत नियमाच्या सत्तर फेकी मोजून पोराला थांबवत होते. आणि थांबवून लगेच फलंदाजाच्या मागे, कॅचरच्या जागी बसवत होते. तिथून प्रत्येक चेंडू परत फेकायचा. ते कोण मोजतं? मी मोजले. सराव धरून एकशे साठ. तो आकडा आणि डॉक्टरांचं म्हणणं भाऊजींना सांगितलं.

भाऊजी हसले. आमच्या वेळी असलं कुणी मोजत नव्हतं, म्हणाले.

“म्हणूनच तुमचे सदरे मला पुढून उघडे शिवावे लागतात,” मी म्हटलं.

त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. त्यांनी पोराला तीन महिने सुट्टी दिली. घरात मला कात्री म्हणतात, ते उगाच नाही.

पंधरा दिवसांनी, ज्याला सगळे चिमणी म्हणतात तो पोरगा आला. अकरा वर्षांचा, टीममधला सगळ्यात बारका. पिचरचा सदरा आता त्याला मिळाला होता, तो आत घ्यायचा होता. अंगात घालताना त्याने डाव्या हाताने उजवा हात उचलून बाहीत सरकवला. दुखतंय का विचारलं, तर नाही म्हणून जोरजोरात मान हलवली.

मी तशीच मैदानावर गेले. भाऊजी चुन्याच्या रेघा मारत होते. त्याला थांबवा, म्हटलं. त्यांनी डबा खाली ठेवला. आवाजही चढवला नाही.

“फेकणारे दोनच होते, वहिनी. एक तुम्ही नेलात. रविवारी शेवटचा सामना आहे. चिमणीला बसवतो. तुमचा देता परत?”

वाटलं होतं, काहीतरी सुचेल. दोघांनाही बसवा, सामना हरा, एवढं साधं वाक्य होतं. ते मला घरी परतताना, अर्ध्या रस्त्यात आठवलं. तिथे मी फक्त “नाही” म्हणाले.

वाक्य आठवल्यावर मागे फिरता आलं असतं. पण पुन्हा तेच विचारतील, आणि या वेळी आपला पोरगा ऐकत असेल, अशी भीती वाटली.

संध्याकाळी चिमणीची आई सदरा न्यायला आली. पोरगा किती खूश आहे, झोपतानाही चेंडू उशाशी ठेवतो, सांगत होती. मी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. सदरा घडी घालून दिला. हाताचं काही बोलले नाही.