दिवेलागणीची ओ

आमच्या घरात आगीचे नियम मी आणले. त्याआधी तीन पिढ्या अंजूर गावातल्या आमच्या घरी चूल पेटत होती आणि कोणाचं बोटसुद्धा भाजलं नव्हतं, असं आक्का म्हणायची. आक्का म्हणजे माझी आई, पण अख्खा गाव तिला आक्काच म्हणे. मी भिवंडीत कापड रंगवणाऱ्या एका डाइंगमध्ये सेफ्टीचं काम बघतो. कंपनीने मला पाच दिवसांचं आगीचं ट्रेनिंग दिलं, मी त्याचं सर्टिफिकेट फ्रेम करून ओटीवर लावलं, आणि त्या दिवसापासून घरच्यांना जगणं नकोसं करून सोडलं. विनिता, माझी बायको, गॅस बंद केला की मला तो तपासायला हाक मारायची. ती माझी थट्टा करतेय हे कळायला मला वर्ष लागलं.

२००५ च्या दिवाळीनंतर मी एक शेगडी करून घेतली. खाण्याच्या तेलाचं लोखंडी पिंप उभं चिरून अर्धं केलेलं, खाली चार पाय, त्यातल्या दोन पायांना चाकं, वर जाळी. हॉटेलात बार्बेक्यू बघितलं होतं, तसंच आपल्या परसात असावं अशी हौस. टेमघरच्या वेल्डरने ती झकास केली होती. कुठेही ढकलत न्यावी, कोंबडी भाजावी, कोलंबी भाजावी.

पण भाजण्याआधी पाहुण्यांना माझं भाषण ऐकावं लागे. शेगडी भिंतीपासून दहा फूट लांब. वर पत्रा नको, मांडव नको, आंब्याची फांदी नको. शेजारी पाण्याची बादली आणि रेतीचं घमेलं. रॉकेल ओतायचं नाही. पेटती शेगडी सोडून कोणी हलायचं नाही. निखारे बंद खोलीत न्यायचे नाहीत, कारण कोळशाचा वायू दिसत नाही, त्याला वास येत नाही, आणि माणूस झोपेतल्या झोपेत जातो. शेवटी पाणी ओतायचं, राख ढवळायची, पुन्हा ओतायचं, आणि वर हात धरून ती गार झाली का बघायचं. पाहुणे माना डोलवत आणि कोंबडीकडे बघत राहत.

आक्का मात्र पाणी ओतू देत नसे. जळत्या विस्तवावर पाणी घातलं की घराची बरकत जाते, असं तिचं म्हणणं. ती निखाऱ्यांवर राख ओढायची, लेकराला पांघरूण घालतात तशी, आणि म्हणायची, झोपू दे त्याला. यावरून आमचं दर रविवारी वाजायचं.

आमच्या परसाच्या तारेपलीकडे गोदाम होतं. तिथे आधी आमच्या पाड्यातल्या काळूरामकाकाचं शेत होतं. त्याने जमीन विकली, आलेल्या पैशांत मुलींची लग्नं केली, घराला स्लॅब टाकला, आणि मग त्याच जागेवर रात्रपाळीचा वॉचमन म्हणून लागला. गेटजवळ पत्र्याची एक केबिन, दोन माणसं बसली की भरेल एवढी. संध्याकाळी सहाला तो येई आणि घमेल्यात पुठ्ठे, लाकडाची फळकुटं, हाताला लागेल ते पेटवून शेकत बसे. गोदामात कापडाच्या गाठी होत्या आणि थिनरची पिंपं. गेटवर लाल अक्षरात आग पेटवायला मनाईचा बोर्ड होता, आणि काकाचं घमेलं बरोबर त्या बोर्डाखाली, शटरपासून दहा पावलांवर. ठिणग्या उडायच्या.

मी त्याला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा जरा चढ्या आवाजात, चार माणसांसमोर. तो शेकता हात तसाच ठेवून म्हणाला, "माझ्या शेतात तू मना आग शिकवतो काय?"

मला ते झोंबलं. मी खरा होतो, हे आजही म्हणेन. ती आग गोदामाला लागली असती तर अर्धा पाडा गेला असता. पण खरा असलेला माणूस जेव्हा चिडतो, तेव्हा त्याच्यासारखा दुष्ट कोणी नसतो. मी सरळ गोदामाच्या ऑफिसात गेलो आणि सुपरवायझरला सांगितलं. त्याने काकाला बोलावून तंबी दिली, की परत बाहेर जाळ किंवा धूर दिसला तर ड्युटी गेली समज. हे शुक्रवारी झालं. तक्रार कोणाची हे काकाने ओळखलं, त्यानंतर तो माझ्याकडे बघेना, आणि मीही मोठेपणाने त्याच्याकडे बघेना.

रविवारी आमच्याकडे डाइंगमधले चौघे आले होते. २००६ च्या जानेवारीचा पहिला आठवडा, खाडीकडून गार वारा. खाणं झालं आणि मी त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेलो. पेटती शेगडी सोडून हलायचं नाही, हा नियम मी स्वतः मोडला, कारण आक्का होती तिथे. जाताना मी ओरडून सांगितलं, पाणी ओत. ती हो म्हणाली आणि तिने राख ओढली.

परत आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आक्का देवापुढे निरांजन लावत होती. ती म्हणाली, काळूराम तारेपाशी आला होता, इस्तव मागत होता, दिले दोन पावडी भरून निखारे. मी बरं म्हटलं. खरंच सांगतो, मी फक्त बरं म्हटलं आणि टीव्ही लावला. आमच्याकडे विस्तव मागायला आलेल्या माणसाला परत पाठवत नाहीत, आणि मला तर तेव्हा बरंच वाटलं, की चला, आमच्या घराशी बोलायला लागला.

सकाळी दिवसपाळीच्या वॉचमनने केबिनचं दार ठोठावलं. आतून कडी होती, ती तोडावी लागली. दाराच्या फटीत गोणपाट कोंबलं होतं. काका भिंतीला टेकून बसला होता, तोंडावर घोंगडीची किनार, आणि पुढ्यात घमेलं. निखारे पार पांढरे झाले होते. बघणाऱ्याला वाटलं, म्हातारा मस्त झोपलाय. डॉक्टर म्हणाले, कोळशाने गेला.

मी तिथे उभा होतो. मला सगळं लख्ख कळत होतं. बाहेर पेटवलं तर नोकरी जाणार, म्हणून तो आत पेटवणार. पुठ्ठ्याचा धूर दिसला असता, म्हणून त्याला तयार निखारे हवे होते. आणि उजेड दिसू नये म्हणून फटीत गोणपाट. एवढे नियम मी जगाला सांगत फिरलो, आणि ज्याला त्यातला एक हवा होता, त्याला तो सांगायचं सोडून मी त्याची तक्रार करून आलो.

गावाने मात्र दुसरंच धरलं. दिवेलागणीनंतर घरातला विस्तव बाहेर देऊ नये, असं आमच्याकडे मानतात. आक्काने दिला, म्हणून झालं. तोंडावर कोणी म्हटलं नाही, पण पाणवठ्यावर चर्चा थांबेना. काकाची बायको सीताबाई आमच्याकडे यायची बंद झाली. आक्काने कोणाशी वाद घातला नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, व्हय, मीच दिला. आणि मी शेजारी बसून गप्प राहायचो. सुपरवायझरने माझं नाव घेतलं नव्हतं. मला रोज वाटायचं आज सांगू, आणि रोज वाटायचं, आता सांगून काय उपयोग.

काकाचे दिवस झाल्यावर आठवड्याभराने ते सुरू झालं. दिवेलागणीला आक्का ओटीवरून उठायची, मागच्या दाराशी जायची आणि परसाकडे तोंड करून म्हणायची, "ओ."

बस, एवढंच. मग परत येऊन बसायची. विनिताच्या पहिल्यांदा लक्षात आलं. तिने विचारलं, तर आक्का म्हणाली, कोणी हाक मारली तर ओ द्यायला नको? मी तिला भिवंडीला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. तो म्हणाला, वयाने होतं. मी तिच्यावर चिडायचो. आमच्याकडे लहानपणीच शिकवतात, तिन्हीसांजेला हाक आली तर लगेच ओ देऊ नये, तीनदा ऐकावी, आपल्या माणसाची आहे का खात्री करावी. हे शिकवणारी तीच. आणि आता पहिल्याच हाकेला धावत जायची, कोणी तिच्या आधी पोचेल की काय अशी.

मी शेगडी परत पेटवली नाही. त्या रविवारची राख तिच्यात तशीच होती, पावसाळ्यात वर पत्रा झाकायचो. रोज सकाळी कामाला जाताना मी राखेवर हात धरून बघायचो. गार असायची. ती गारच असणार, हे मला कळत होतं. तरी दुसऱ्या दिवशी परत बघायचो. तीन वर्षं बघत होतो.

२००९ च्या जानेवारीत आक्का अंथरुणाला लागली, तरी दिवेलागणीला भिंत धरून मागच्या दाराशी जायची. आठव्या दिवशी दिवेलागणीला ती धडपडत उठायला लागली. पाय उचलेनात. तिने पडल्या पडल्या मागच्या दाराकडे तोंड करून ओ दिली, पण आवाज उंबऱ्यापर्यंतही गेला नसेल. ती घाबरली होती. मी तिला आयुष्यात कधी घाबरलेली बघितली नव्हती. मला राहवलं नाही. मी तिचा हात धरला आणि सगळं सांगून टाकलं, तक्रारीपासून गोणपाटापर्यंत. म्हटलं, आक्का, तुझ्या विस्तवाने नाही गेला तो. मी घालवला.

"ठावं हाय मना," ती म्हणाली. "त्यानंच सांगितलं त्या दिशी. बोलला, तुझ्या मनोजनं बाहेरची आग बंद केली, आता आत घेऊन बसतो. मी म्हटलं, बस बाबा. कोळसा माणूस मारतो ते मना काय ठावं? तू पाहुण्यांना सांगायचास. मना वाटायचं, ते पाहुण्यांसाठीच हाय."

मी विचारलं, मग एवढी वर्षं बोलली का नाहीस.

"तू बोलशील म्हणून वाट बघत व्हते. आनि तो मना हाक मारतो, असं वाटलं काय तुला? मना न्हाय मारत. पहिल्या दिवसापास्नं तुझंच नाव घेतो. तू आत टीव्हीपुढं असतोस. चुकून तू ओ देशील म्हणून मी आधी देते."

दोन दिवसांनी ती गेली.

तेराव्यानंतर पाहुणे परतले आणि घर रिकामं झालं. त्या संध्याकाळी विनिताने दिवा लावला. मी ओटीवर बसलो होतो, टीव्ही बंद होता. मागून, तारेच्या बाजूने, कोणी तरी माझं नाव घेतलं. मोठ्याने नाही. शेजारी काही मागताना हाक मारतो तसं, जरा संकोचाने. मी तीनदा ऐकलं. मला भीती वाटत होती, आणि तरी लाज जास्त वाटत होती. आक्काने हे तीन वर्षं रोज ऐकलं, माझ्यासाठी, आणि मी तिला कानाच्या डॉक्टरकडे नेलं.

मी उठून मागच्या दाराशी गेलो आणि ओ दिली. तारेपाशी कोणी नव्हतं. गोदामाचे दिवे होते, आणि नवी विटांची केबिन, तिला खिडकी. मी शेगडीपाशी उभा राहून म्हणालो, काळूकाका, निखारे आत नेऊ नकोस, बंद खोलीत नेऊ नकोस. जे त्या शुक्रवारी सांगायचं होतं ते. मग चपला घातल्या आणि तसाच सीताबाईकडे गेलो.

तिचं दार सताड उघडं होतं, त्या थंडीत. मी उंबऱ्याबाहेर बसून सगळं सांगितलं, हाकेचंसुद्धा. मला वाटलं ती ओरडेल, शिव्या देईल. मला ते हवंच होतं. ती तांदूळ निवडत होती, तिचा हात थांबला.

"रोज तिथं येतो?" तिने विचारलं.

मी हो म्हटलं.

"मी तीन वर्षं दार उघडं ठेवते दिवेलागणीला," ती म्हणाली. "एक दिवस आला न्हाय. म्हटलं, जातो तरी कुठं."

मग उद्या तुमच्या परसात येते, एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती दिवेलागणीच्या आधी आली. विनिताने तिला पाट दिला, तो घेऊन ती परसात शेगडीशेजारी बसली. मी तिच्या बाजूला उभा राहिलो. अंधारून आलं, गोदामाचे दिवे लागले. आणि हाक आली. मी तिच्याकडे बघितलं. तिला काहीच ऐकू आलं नव्हतं, ती माझ्याच तोंडाकडे बघत होती.

"आला काय?"

मी मान डोलावली.

"काय म्हणतो?"

तो फक्त माझं नाव घेत होता, पण ते मला तिला सांगवेना. मी म्हटलं, विस्तव मागतोय, काकी. थंडी वाजतेय त्याला.

सीताबाईने तारेकडे बघितलं. मग तिने पदर कानावरून घट्ट ओढून घेतला आणि उठली.

"देऊ नको," ती म्हणाली. "थंडी वाजली म्हंजे घरी येईल."