दाढीवाला, बाई आणि तेरखेड्याचा बार

"जमादारसाब, हे तुम्हाला खरं वाटणार न्हाय. कुणालाच वाटणार न्हाय," दादामियाँ म्हणाले, तशी जमादार महारुद्रची पंचनाम्यावर टेकलेली पेन्सिल थांबली.

तेरखेड्यातली त्यांची फटाक्यांची शेड त्या सकाळी उडाली होती. पत्रे बाभळीवर लटकले होते आणि कारागीर हनीफची तीन बोटं त्याच बाभळीच्या काट्यांत सापडली. त्याला गाडीत घालून बार्शीला नेलं होतं. आता एकाला बेड्या पडणार होत्या. कुणाला, तेवढंच लिहायचं राहिलं होतं. दादामियाँची बायको सकिनाबी जळका पदर सावरत दाराशी बसली होती.

दादामियाँनी दोष थेट अमेरिकेवर ढकलला. निजामाच्या वेळची कुठलीशी शाळा बंद पडली, तिची इंग्रजी पुस्तकं रद्दीत आली. मॅट्रिकला तीनदा बसलेला हनीफ त्या पानांच्या फटाक्याच्या नळ्या वळण्याआधी ती वाचून अर्थ सांगायचा. त्यात अमेरिकेचे दोन शायर निघाले. एक दाढीवाला. त्याची ओळ या कडेपासून त्या कडेपर्यंत. गाडीवान, सुतार, लढाईतले मुडदे, सगळ्यांना एका दमात कवेत घ्यायचा. दुसरी बाई, उंबरा न ओलांडणारी. चार तुटक ओळी, बाकी पान कोरं. मरणाशी शेजारणीसारखी बोलायची. दाढीवाल्याच्या कागदाचा बार वाशीपर्यंत ऐकू जाई. बाईचा नुसता फट् करी, पण दोन दिवस कानातून जात नसे.

"शंभर वर्सं होत आली, पण दोघांचाबी कागद सादळला न्हाय," दादामियाँ म्हणाले.

यातलं पुढं टिकणार कोण, यावरून जुंपली. हनीफ बाईकडून, दादामियाँ दाढीवाल्याकडून. हनीफनं गचांडी धरली, दादामियाँनी त्याचं नाक फोडलं. शेवटी निकाल लावायला दोघांची पानं एकाच बाराला गुंडाळली.

"एका नळीत दोन शायर नांदतेत का, साब? बत्ती लावायच्या आधीच आत मारामारी. आमच्या घरातल्या कुणाचा हात न्हाय यात. तसं लिहा."

"अमेरिकेचा पत्ता सांगा, चाचा. समन्स कुठं धाडू?" महारुद्र म्हणाला. पण पेन्सिल कागदावर टेकली होती.

सकिनाबी उठली. तिचे तळवे सोलून निघाले होते.

"खोटं बोलतेत हे," ती म्हणाली. "ती पुस्तकं तर म्या थंडीतच चुलीत घातली. लाकडी बत्ता फुटला, म्हणून दारू कुटायला लोखंडी घेतला म्या. ठिणगी उडाली. माझं नाव लिहा."