करारदिनाचं सोंग

व्हर्ना सकाळी पिकअपमध्ये पाण्याची रिकामी पिंपं चढवत होती. पोटातल्या बाळाचा आठवा महिना सरत आला होता, तरी डोंगरापलीकडून पाणी आणणं काही सुटलं नव्हतं. तेवढ्यात एल्रॉय बित्सुईची गाडी धूळ उडवत आली. करारदिन समितीचे अध्यक्ष! गळ्यात पिरोजाच्या माळा इतक्या, की मान शोधावी लागावी.

"यंदा तूच हवीस बघ," आत शिरून आयती कॉफी ओतून घेत तो म्हणाला.

अमेरिकी सरकारशी करार झाला आणि नवाहो जमातीची माणसं चार वर्षांच्या कैदेतून घरी परतली, त्याचा हा दिवस. पण घरी परतणारी माणसं बघून पाहुणे थोडेच रडणार? म्हणून एल्रॉय दरवर्षी त्याआधीची पायपीट दाखवायचा. सैनिक लोकांना हाकत नेतात, एक पोटुशी मागं पडते, तिला गोळी घालतात.

"उशी बांधलेली पोरगी खोटी दिसते गं. तू पड. पाणीयोजनेतही माझाच शब्द चालतो; पाईप थेट तुझ्या दारात आणतो."

चुलीपाशी बसलेली व्हर्नाची देझबा आजी उसळली. "पोटुशीनं मेल्याचं सोंग करायचं? अरे, त्या वाटेचं नाव आपली माणसं तोंडावर आणत नव्हती, पुन्हा ओढवेल म्हणून. आणि तू तमाशा मांडतोस?"

"मावशी, जग बघायला येतं!"

"मग आपलीच मढी नाचव हो!"

व्हर्नाला फक्त नळ दिसत होता. बाळाला न्हाऊ घालताना वाटीनं मोजून पाणी घ्यायला नको. ती हो म्हणाली. आजीनं तोंड फिरवलं.

करारदिनी मैदान फुललं होतं. एल्रॉय माईकवरून पाणी, जमीन, पूर्वज असं काहीबाही बरळत होता. व्हर्ना शाल पांघरून रांगेत चालली. सैनिकानं बंदूक रोखली आणि पोटात बाळानं लाथ मारली. ती थांबली.

"पड ना!" एल्रॉय कुजबुजला. "हात पोटावर ठेव, लोकांना दिसू दे."

व्हर्नानं त्याच्या हातातला माईकच ओढून घेतला.

"माझ्या आजीच्या घरातली बाई अशीच मारली. तिला पुरूही दिलं नाही. हा दादा तिला दरसाल मारतो, टाळ्या घेतो. आणि आज नळासाठी मला पडायला सांगतो. मी पडणार नाही!"

एल्रॉयनं माईक हिसकावला आणि दात काढत खेळ पुढं चालू केला. कुणीतरी रांगेतल्या एका पोरीच्या पोटावर उशी बांधली. ती पडली. पाहुण्यांनी भरल्या डोळ्यांनी फोटो काढले. शरम कुणालाच वाटली नाही.

पाईप एल्रॉयच्या मेहुण्याच्या दारात गेला. व्हर्नाच्या मुलीची पहिली अंघोळ पिंपातल्या पाण्यानं झाली. आजीनं तिला खुशीत न्हाऊ घातलं.

मग नकार देऊन तिनं मिळवलं काय, असं शहाणी माणसं विचारतील. विचारा. घरच्या नळाखाली हात धुता धुता खुशाल विचारा.