उणा निळा उजेड

मी एक जुना निळा दिवा आहे. देवघरातला नव्हे, दातांच्या दवाखान्यातला. मित्रांनो, माझी गोष्ट मी जन्मापासून सुरू करणार नाही. एका साध्या बुधवारापासून करतो, कारण तसा बुधवार पुन्हा आला नाही.

त्या दिवशी अमरावतीच्या आमच्या दवाखान्यात भातकुलीची आरती खुर्चीवर बसली होती. तिचे वाकडे दात सरळ व्हावेत म्हणून डॉक्टर केशवरावांनी दातांवर धातूच्या चिमुकल्या चौकटी चिकटवल्या होत्या. त्यांना ब्रॅकेट म्हणतात. त्यांच्यातून तार जाते आणि ती तार दातांना हळूहळू जागेवर आणते. आरतीचं एक ब्रॅकेट तिसऱ्यांदा निघालं होतं. तिची आई, आशाबाई, ते कागदाच्या पुडीत घेऊन आली होती.

"फुटाणे खाल्ले असशीन पुन्हा," आशाबाई म्हणाली.

"नाही वं माय. आठ दिवसांपासून वरणभात खाऊन राहिली मी."

"वरणानं कुठं लोखंड पडते काय?"

"लेकरू खोटं नाही बोलून राहिलं, आशाबाई," केशवराव म्हणाले. "माझंच काही चुकलं असंल."

त्यांची मुलगी चारुता अकोल्यात हेच काम करते. दर बुधवारी ती वडिलांच्या मदतीला यायची. ब्रॅकेट पुन्हा चिकटवून घेऊन मायलेकी गेल्यावर ती हळू आवाजात म्हणाली, "बाबा, या महिन्यातलं हे सातवं. तुमचा हात कापतो आता. चिकटवायचं काम सोडा."

केशवरावांनी मला पुसलं, हुकाला अडकवलं. मग आपला उजवा पंजा खिडकीच्या उजेडात धरून पाहिला.

"बरं," ते म्हणाले. "नीघ, बस चुकेल तुझी."

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडला नाही. तिसऱ्या दिवशी मदतनीस माया आली, तेव्हा ती फोनवर कोणाला तरी सांगत होती, की डॉक्टरसाहेब सकाळचा चहा घेता घेताच गेले.

मित्रांनो, मी कारखान्यातून आलो तेव्हा माझ्या पोटात एक तेजस्वी बल्ब होता, त्यामागे लखलखीत आरसा, तोंडाला काचेची वाकडी नळी आणि पाठीत भुणभुणणारा पंखा. ब्रॅकेटखालचा लेप मऊ असतो. माझा निळा उजेड पडला की तो दगडासारखा होतो. डोळ्यांना त्रास नको म्हणून मुलं नारिंगी चष्मा लावून बसायची आणि मला 'निळी बंदूक' म्हणायची. केशवराव मोठ्यानं चाळीसपर्यंत मोजायचे, मुलंही त्यांच्याबरोबर मोजायची. कोणी घाई केली तर ते म्हणायचे, "चाळीस म्हणजे चाळीस. एकोणचाळीसला माझा दिवा रागावतो." त्यांनी लावलेलं ब्रॅकेट काढायला पक्कडच लागते, असं लोक सांगायचे. मला वाटायचं, त्यातलं थोडं कौतुक माझं आहे.

तेव्हा दर सोमवारी ते मला उजेडाचा जोर मोजणाऱ्या एका छोट्या मापकावर धरायचे. काटा चारशेच्या पुढे गेला की मान हलवायचे. पुढे चारुतानं अकोल्याला दवाखाना थाटला, तेव्हा त्यांनी ते मापक तिला दिलं. "तुला लागेल. मला माझा दिवा पाठ आहे," म्हणाले.

त्यानंतर मला कोणी मोजलं नाही. आरसा काळवंडला. नळीच्या टोकावर जुन्या लेपाचे कण वाळून बसले. मी म्हातारा होत गेलो, आणि माझं दुर्दैव असं, की तरीही मी निळाच दिसत राहिलो. डोळ्यांना फरक कळत नव्हता. लेप कडेनं घट्ट व्हायचा आणि आत कच्चा राहायचा, वरून भाजलेली दिसणारी भाकर पोटात कच्ची राहावी तसा. ब्रॅकेट पडायचं. आधी मुलांना बोलणी बसली, मग त्या हाताला. मला सगळं ठाऊक होतं, पण मी फक्त भुणभुणू शकत होतो.

केशवराव गेल्यावर पंधरा दिवसांनी चारुता दवाखाना रिकामा करायला आली. नांदगाव खंडेश्वरच्या एका नव्या डॉक्टरनं मला मागितलं होतं. देण्याआधी तपासावं म्हणून तिनं ते मापक आणलं होतं.

"चालूच तर आहे ताई, पाहा ना कसा निळा पडतो," माया म्हणाली.

चारुतानं मला मापकावर धरलं आणि सवयीनं मोठ्यानं मोजायला लागली. काटा शंभरावर अडखळला. तिनं नळी खरवडून पुसली, पुन्हा धरलं. एकशे वीस. ती चाळीसपर्यंत मोजत राहिली. काटा तिथंच होता.

मग तिनं आशाबाईंना फोन लावला. "आरतीनं फुटाणे खाल्ले नव्हते. दोष आमच्या दिव्याचा होता. तिला माझ्याकडे अकोल्याला घेऊन या, मी पुन्हा पक्कं लावून देते."

मित्रांनो, आम्ही यंत्रं दुखतंय म्हणून सांगत नाही. आम्ही चालू दिसतो, एवढ्यावर विसंबू नका. आम्हाला पुसा, मोजा. आणि काम बिघडलं तर माणसाच्या हाताला नावं ठेवण्याआधी एकदा आमच्याकडे पाहा. हाताला बोललेलं ऐकू येतं. मग तो खिडकीच्या उजेडात स्वतःलाच तपासत बसतो.

माया खोकी घेऊन खाली गेली. चारुतानं माझी वायर काढली. पंखा थांबला, तशी खोली एकदम शांत झाली. केशवराव ज्या फिरत्या स्टुलावर बसायचे, त्याच्यासमोर ती मापक हातात घेऊन उभी राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "हात तुमचा चांगला होता. मापक माझ्याकडे होतं, आणि मी एकदाही मोजलं नाही."